विसरलेला कोड, अडकलेला आवाज : व्हॉल्यूम लिमिटचा इतिहास कसा वाचायचा

जुनी यंत्रं हाताळून संशोधन करू पाहणाऱ्यांना हमखास भेटणारी एक अडचण आज घेऊ. समजा, २००५ ते २०१० या काळात तरुण मुलं संगीत कसं ऐकत होती, हा तुमचा विषय आहे. एका सहभागी व्यक्तीने तुम्हाला कपाटातून काढून आपला जुना आयपॉड दिला. तो चार्ज होतो, सुरू होतो, गाणी वाजतात. पण आवाज एका पातळीच्या वर जातच नाही. सेटिंगमध्ये 'व्हॉल्यूम लिमिट' उघडलं, तर चार आकडी कोड मागतो. तो कोड बहुधा वडिलांनी टाकला होता, मुलगा बारा वर्षांचा असताना. मुलगा आता तिशीत आहे आणि वडिलांना कोड टाकल्याचंसुद्धा आठवत नाही.

कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : रिस्टोअर करा. हे उत्तर चूक नाही. आयपॉडच्या माहितीपुस्तिकेतही तेच लिहिलेलं आहे. पण रिस्टोअर केलं की यंत्रातलं सगळं पुसलं जातं. गाणी जातात, ऐकण्याच्या नोंदी जातात, कधी कोणी रेकॉर्ड करून ठेवलेला घरच्या माणसाचा आवाजही जातो. सामान्य वापरणाऱ्याला हे परवडेल. तुम्हाला परवडणार नाही, कारण तुमचा पुरावा तोच आहे. आणि माझ्या मते ते कुलूपसुद्धा पुराव्याचाच भाग आहे. ते काढण्याआधी वाचता आलं पाहिजे. ते कसं, हे सांगण्यासाठी ही नोंद.

आवाज अडतो तो नेमका कुठे?

पहिली गोष्ट निदानाची. आवाज कमी येतोय म्हणजे कोडवालं कुलूपच आहे, असं धरून चालू नका. तीन वेगवेगळी कारणं असू शकतात.

एक, वापरणाऱ्याने स्वतः लावलेली मर्यादा. आयपॉडवर ती ओळखणं सोपं आहे. आवाजाच्या पट्टीवर एक छोटा त्रिकोण दिसतो आणि आवाज त्याच्यापुढे सरकत नाही. या मर्यादेला कोड लावलेला असू शकतो किंवा नसूही शकतो. आयपॉड शफलला पडदाच नव्हता, त्यामुळे त्याची मर्यादा आणि तिचा पासवर्ड संगणकावर आयट्यून्समधून लावला जायचा.

दोन, यंत्र ज्या प्रदेशात विकायचं तिथल्या कायद्यासाठी कंपनीने घातलेली मर्यादा. इथे पट्टी शेवटपर्यंत भरते, त्रिकोण वगैरे काही दिसत नाही, पण पूर्ण आवाजच मुळात कमी ठेवलेला असतो. पॅरिसहून नातेवाइकांनी आणलेला आयपॉड आणि न्यूयॉर्कहून आणलेला आयपॉड यांत फरक जाणवायचा तो यामुळे. ही मर्यादा वापरणाऱ्याच्या सेटिंगचा भाग नाही, त्यामुळे सेटिंग पुसून ती जात नाही.

तीन, आवाज मुळातच हळू असणं. गाणं कमी पातळीवर रेकॉर्ड झालेलं असेल, 'साउंड चेक' हे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं सेटिंग चालू असेल, किंवा इअरफोनची जाळी मळाने बुजलेली असेल. यातलं काहीही असलं तरी कुलपाचा संबंध नाही.

आता विचार करा. कारण दुसरं किंवा तिसरं आहे आणि तुम्ही पहिलं समजून रिस्टोअर केलंत. सगळा पुरावा गेला आणि आवाज होता तेवढाच राहिला. म्हणून निदान आधी, इलाज नंतर.

ही मर्यादा आली कुठून?

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं अशी कल्पना होती. प्रत्यक्षात लोक एकेकटे ऐकू लागले. ध्वनीच्या इतिहासात हा मोठा बदल आहे. तोवर मोठा आवाज म्हणजे शेजाऱ्याची तक्रार. आपल्याकडचे नियम आजही मुख्यतः याच तक्रारीसाठी आहेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंधन आणतात. त्यात विचार आहे तो दुसऱ्याच्या कानाचा. हेडफोनने प्रश्न उलटा केला. शेजारच्याला काहीच त्रास नाही, त्रास ऐकणाऱ्यालाच, आणि तोही आज नाही, वीस वर्षांनी. मग त्याच्या कानाची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाला गेल्या तीस वर्षांत वेगवेगळी उत्तरं मिळाली. व्हॉल्यूम लिमिटचा इतिहास म्हणजे या उत्तरांचा इतिहास.

पहिलं ठळक उत्तर फ्रान्सचं : जबाबदारी सरकारची. २८ मे १९९६ च्या फ्रेंच कायद्याने देशात विकल्या जाणाऱ्या वॉकमनसारख्या यंत्रांचा कमाल आवाज १०० डेसिबलवर बांधला आणि दीर्घकाळ पूर्ण आवाजात ऐकल्यास कानाला इजा होऊ शकते, अशी सूचना यंत्रावर छापणं सक्तीचं केलं. हा कायदा झाला तेव्हा आयपॉड अस्तित्वातही नव्हता. तो ऑक्टोबर २००१ मध्ये आला आणि २००२ मध्ये फ्रान्समध्ये याच कायद्यात अडकला. त्याची तिथली विक्री थांबवावी लागली आणि आवाज १०० डेसिबलच्या आत आणणारं नवं सॉफ्टवेअर घालूनच ती पुन्हा सुरू झाली. कॅसेटच्या जमान्यातला कायदा असा हार्ड डिस्कच्या यंत्राला लागू पडला.

या उत्तराला लोकांनीही उत्तर दिलं. युरोपात विकलेल्या आयपॉडवरची ही मर्यादा काढून टाकणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर इंटरनेटवर फिरू लागली. म्हणजे कुलूप काढण्याचा इतिहास कुलपाच्या इतिहासाला जवळजवळ समांतर चालतो.

दुसरं उत्तर अमेरिकेतलं : जबाबदारी घरच्यांची. जानेवारी २००६ च्या शेवटी ॲपलविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात एक सामूहिक दावा दाखल झाला. आयपॉडचा आवाज ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो आणि ग्राहकांना पुरेसं संरक्षण नाही, असा त्यात आरोप होता. २९ मार्च २००६ रोजी ॲपलने पाचव्या पिढीच्या आयपॉडसाठी आणि आयपॉड नॅनोसाठी सॉफ्टवेअर अपडेट आणलं. त्यातून वापरणाऱ्याला कमाल आवाज ठरवता येऊ लागला आणि पालकांना मुलाच्या आयपॉडवर ती मर्यादा लावून कोडने बंद करता येऊ लागली. आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी टाकलेला कोड तो हाच.

दाव्याचं पुढे काय झालं? 'बर्डसाँग विरुद्ध ॲपल' या नावाने तो नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २००९ मध्ये फेटाळलेलाच राहिला. दावा करणाऱ्यांनी स्वतःला इजा झाल्याचं म्हटलेलंच नाही, फार तर इतर कोणाला होऊ शकणाऱ्या इजेचा धोका दाखवला आहे, असा न्यायालयाचा मुद्दा होता. हळूहळू होणारी हानी न्यायालयात मांडणं किती कठीण असतं, हे यातून दिसतं. कानाचं नुकसान ज्या दिवशी होतं त्या दिवशी कळत नाही आणि कळतं तेव्हा नेमकं कशामुळे झालं हे सांगता येत नाही.

तिसरं उत्तर युरोपीय संघाचं : जबाबदारी ऐकणाऱ्याची, पण त्याला सांगून-सवरून. २००८ मध्ये युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने अहवाल दिला की रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ, मोठ्या आवाजात, किमान पाच वर्षं ऐकणाऱ्यांना कायमच्या श्रवणहानीचा धोका आहे, आणि असे लोक एकूण ऐकणाऱ्यांच्या ५ ते १० टक्के असू शकतात. त्यानंतर २००९ मध्ये आयोगाने नवं मानक करायला सांगितलं, २०११ मध्ये ते आलं आणि २०१३ पासून बाजारात दिसू लागलं. त्यानुसार यंत्राचा नेहमीचा आवाज ८५ डेसिबलवर थांबतो. पुढे जायचं तर पडद्यावर इशारा येतो. 'मला कळलं' असं मान्य केलं की १०० डेसिबलपर्यंत जाता येतं. आणि वीस तासांच्या ऐकण्यानंतर इशारा पुन्हा येतो. इथे कोड नाही, त्यामुळे विसरायची भानगडही नाही. कुलपाची किल्ली ऐकणाऱ्याच्याच बोटात आहे.

चौथं उत्तर सध्याचं आहे : मर्यादा आवाजाची नको, एकूण मात्रेची हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या 'एच.८७०' या २०१८ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल असा हिशेब आहे. मोबाइल आता हाच हिशेब ठेवतात आणि आठवड्याची मात्रा भरली की सूचना देतात. गंमत बघा, आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दाखवणारं मीटर असावं, ही सूचना त्या अमेरिकन दाव्यातही होती. ती सोय आयफोनमध्ये २०१९-२० मध्ये आली, दावा फेटाळल्यावर दहा वर्षांनी.

या गोष्टीतून पद्धत कोणती शिकायची?

तीन गोष्टी सांगतो. त्या आयपॉडपुरत्या नाहीत.

पहिली : आकडा कुठून आला ते विचारा. ८५ डेसिबल हा आकडा संगीतातून आलेला नाही, तो कारखान्यातून आला आहे. अमेरिकेतली नायॉश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था कामगारांसाठी आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. कारण ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. म्हणजे फ्रेंच कायद्याने ज्या कमाल आवाजाला परवानगी दिली, त्या आवाजात हा कामगारांचा हिशेब जेमतेम पाव तास ऐकू देतो. गिरणीतल्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं मोजमाप गाणं ऐकणाऱ्या शाळकरी मुलाला लावलं गेलं. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण हा प्रवास तुमच्या लिखाणात दिसला पाहिजे. मानकातला आकडा निसर्गनियम असल्यासारखा उद्धृत करू नका.

दुसरी : आधी आणि नंतर म्हणजे कारण आणि परिणाम नव्हे. जानेवारी २००६ मध्ये दावा आणि मार्चमध्ये अपडेट. त्या वेळच्या बातम्यांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. प्रबंधातही 'दाव्यामुळे कंपनीला कुलूप आणावं लागलं' असं लिहायचा मोह होतो. पण दाव्याचे कागद आणि प्रसिद्धिपत्रक शेजारी शेजारी ठेवले तर त्यांतून क्रम सिद्ध होतो, एवढंच. 'दाव्यानंतर दोन महिन्यांत' हे वाक्य टिकतं. 'दाव्यामुळे' हा शब्द टिकवायचा असेल तर कंपनीच्या आतला पुरावा लागेल. तोंडी परीक्षेत परीक्षक अशाच एका 'मुळे'वर बोट ठेवतात.

तिसरी : यंत्र वाचा. मॅडलेन आक्रिश या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ च्या एका निबंधात म्हटलं आहे की यंत्र बनवणारा त्यात एक 'स्क्रिप्ट' लिहून ठेवतो : हे कोण वापरणार, कसं वापरणार, कोणावर विश्वास ठेवायचा. हे चष्मे लावून आपली कुलपं बघा. १९९६ च्या फ्रेंच मर्यादेत कोणावरच विश्वास नाही. २००६ च्या कोडमध्ये आईबापांवर विश्वास आहे, मुलावर नाही, आणि आईबाप कोड कायम लक्षात ठेवतील असंही गृहीत आहे. २०१३ च्या इशाऱ्यात ऐकणाऱ्यावर विश्वास आहे, पण दर वीस तासांनी तो तपासला जातो. विसरलेला कोड म्हणजे ही स्क्रिप्ट मोडल्याची जागा. कुलूप लावणारा बाजूला झाला, ज्याच्यासाठी लावलं तो मोठा झाला, कुलूप मात्र आपलं काम करतच आहे. संशोधकाला अशा जागा सापडल्या पाहिजेत, कारण इथे गृहीतकं उघडी पडतात.

मग कुलूप काढायचं कसं?

आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी परवानगी. यंत्र दुसऱ्याचं आहे, त्यात खासगी गोष्टी आहेत. 'आयपॉड दिला' म्हणजे 'सगळं बघायला दिलं' असं होत नाही. काय बघणार, काय कॉपी करणार, काय पुसलं जाऊ शकतं, हे लिहून घ्या. आणि ते यंत्र आज कोणा लहान मुलाच्या वापरात असेल, तर कुलपाला हात लावू नका. तिथे ते अजून कामाचं आहे.

मग फोटो. आवाजाची पट्टी, त्रिकोणाची जागा, सेटिंगची पानं, मागच्या बाजूचा मजकूर. वडिलांनी मर्यादा अर्ध्यावर ठेवली होती की पाऊण पट्टीवर, ही माहिती रिस्टोअरनंतर जगात कुठेही उरणार नाही.

मग मुलाखत. कोड आठवतो का एवढंच विचारू नका. कधी लावला, का लावला, भांडण झालं होतं का, डॉक्टरांनी सांगितलं होतं का, हे विचारा. बोलता बोलता कोडही निघतो पुष्कळदा. जन्मसाल, गाडीचा नंबर, घराचा नंबर. चार आकड्यांच्या जुळण्या १०,००० होतात. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तरी सगळ्या मिळून जवळपास २८ तास लागतील, तेव्हा आंधळेपणाने फिरवत बसण्यापेक्षा गप्पा मारणं केव्हाही बरं. कोड मिळाला तर तो टाका, मर्यादा शेवटपर्यंत सरकवा, काम संपलं. काहीही पुसलं जात नाही.

कोड नाहीच मिळाला, तर प्रत घ्या. इथे एक सावधगिरी. आयपॉड अनोळखी संगणकाला जोडला आणि आयट्यून्स उघडलं, तर ते आपली लायब्ररी त्यावर चढवायला बघतं आणि आधीचं पुसायला विचारतं. तिथे 'हो' म्हणायचं नाही. जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून धरलं की आपोआप होणारं सिंक थांबतं. शक्य असेल तर संपूर्ण डिस्कची इमेज घ्या. ते जमत नसेल तर लपवलेल्या फोल्डरसकट सगळं कॉपी करा. गाणी 'आयपॉड कंट्रोल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी अगम्य नावांनी असतात. त्यांची खरी नावं आणि ती किती वेळा ऐकली याची नोंद वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असते, म्हणून नुसती गाणी उचलून भागत नाही. माइक लावून कोणी काही रेकॉर्ड केलं असेल, तर ते 'रेकॉर्डिंग्ज' या फोल्डरमध्ये सापडतं.

आणि इथे एक गोष्ट लक्षात येईल. व्हॉल्यूम लिमिट यंत्राच्या आवाजाला बांधतं, फाइलला नाही. प्रत एकदा संगणकावर आली की ते गाणं किंवा तो आवाज हव्या त्या पातळीवर ऐकता येतो. म्हणजे बहुतेक संशोधनासाठी कुलूप काढायची गरजच उरत नाही.

तरीही यंत्र पुन्हा वापरात आणायचं असेल, तर शेवटचा उपाय रिस्टोअर. विंडोजवर आयट्यून्समधून, २०१९ नंतरच्या मॅकवर फाइंडरमधून होतं, आणि सॉफ्टवेअर उतरवायला इंटरनेट लागतं. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून होणारं 'रीसेट' म्हणजे हे नव्हे. त्याने यंत्र फक्त बंद होऊन पुन्हा सुरू होतं. रिस्टोअर करण्याआधी कॉपी केलेल्या दोन-चार फाइल उघडून, वाजवून बघा. प्रत घेतली आणि प्रत चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुलूप निघाल्यावर हेडफोन लगेच कानात घालू नका. आधी आवाज अगदी खाली आणा. आता त्या यंत्रावर कोणाचीच मर्यादा नाही, आणि वर दिलेला पंधरा मिनिटांचा हिशेब तुमच्याही कानाला लागू आहे. मग टिपणवहीत तारीख घालून लिहा : मर्यादा कुठे होती, कोणी लावली असं सांगितलं, कोणत्या दिवशी आणि कशी काढली. पुढे तुमचा प्रबंध वाचून कोणी ते यंत्र बघायला मागितलं, तर त्यावर कधी काळी कुलूप होतं हे सांगणारा तेवढा एकच कागद असेल.